तोमारला माझ्या हातून एक पाव पडला

तुम्ही पोर्तुगालमधल्या तोमारला कसे काय पोचलात, असं लोक विचारतात तेव्हा मला कोथिंबिरीपासून सुरुवात करावी लागते.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून इकडे आणलं. आई इतिहासाची निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं तिने वर्ग गप्प बसवले, आणि ट्रॉयला आल्यावर तिच्यासमोर गप्प बसवण्यासारखं कुणी उरलंच नाही. माझी बायको सुषमा आणि मी ऑफिसात, नात शाळेत. त्यात आजीने मराठीत काही विचारलं की नात उत्तर द्यायची इंग्रजीत.

शेजारच्या घरात लुर्देस नावाच्या पोर्तुगीज बाई एकट्याच राहायच्या. नवरा मोटारीच्या कारखान्यात वेल्डर होता, तो वारलेला. एका उन्हाळ्यात आईला कुंपणापलीकडे, त्यांच्या वाफ्यात हातभर कोथिंबीर दिसली. गोऱ्या बाईने कोथिंबीर लावावी याचं आईला इतकं नवल वाटलं की ती चपला न घालताच तिकडे गेली. कळलं ते असं, की पोर्तुगीज लोक सूपमध्ये, माशात, शिंपल्यांत, जमेल तिथे कोथिंबीर घालतात. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. आई मराठीत बोलायची, त्या पोर्तुगीजमध्ये. दोघींचं मिळून इंग्रजी शंभर शब्दांचं. मी एकदा दुभाषा म्हणून मध्ये पडलो, तर आई म्हणाली, "तू आत जा, गोंधळ होतो." आणि मी त्यांना नुसतं लुर्देस म्हणालो, तेव्हा ऐकावं लागलं, "माझ्याएवढ्या बाईचं नाव घेतोस? मावशी म्हण."

तर २००७च्या वसंतात लुर्देसमावशींनी सांगितलं की त्यांच्या तोमार गावात दर चार वर्षांनी जुलैत मोठा उत्सव असतो. मुली डोक्यावर पावांचे मनोरे घेऊन मिरवतात. या वर्षी त्यांच्या बहिणीची नात मनोरा उचलणार होती. तुम्हीही चला, असं त्या म्हणाल्या. तीन उन्हाळे मी आईला नायगारा दाखवायचा प्रयत्न करत होतो. "पाणी वरून खाली पडतं, ते मला माहीत आहे," असं म्हणून ती जागची हलली नव्हती. तोमारला मात्र ती लगेच हो म्हणाली. सुषमाचं प्रोजेक्ट नेमकं तेव्हाच सुरू व्हायचं होतं, म्हणून आईसोबत मी निघालो.

निघताना लेकीने विचारलं, "आजी, will there be real knights?"

"होते एके काळी. आता काय परिस्थिती आहे, ते बघून येते," आई म्हणाली.

बुधवार

लिस्बनहून गाडीने दोन तासांत तोमार येतं. मधोमध नाबाओ नावाची शांत नदी, तिच्यात फिरणारा मोठा लाकडी रहाट, एका बाजूला टेकडी आणि टेकडीवर किल्ला. हा किल्ला टेंपलर सरदारांनी बांधलेला. हे सरदार म्हणजे लढणारे संन्यासी. लग्न करायचं नाही, प्रार्थना चुकवायची नाही आणि तलवार खाली ठेवायची नाही, असा त्यांचा नेम. आईने हे सगळं आधीच वाचून ठेवलं होतं, आणि स्टेशनापासून तीच मला सांगत होती.

मावशींच्या बहिणीचं, ओलिंदाबाईंचं घर जुन्या गावातल्या चिंचोळ्या गल्लीत होतं. गल्लीभर लोक कागदी फुलं करत बसलेले. अंगणात, उंबऱ्यावर, मोटारीच्या टपावरसुद्धा फुलं. आम्ही बॅगा ओढत चाललो होतो, तेवढ्यात एका केशकर्तनालयाच्या दारातून एक म्हातारा न्हावी, हातात वस्तरा तसाच, बाहेर आला. लुर्देसमावशींकडे बघत राहिला आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी ओरडला. गल्ली हसली. मावशींचा चेहरा लाल झाला. त्या इतक्या भराभर चालायला लागल्या की त्यांच्या बॅगेचं एक चाक निखळलं.

जेवताना उलगडा झाला. उलगडा केला इनेशने. हीच ती मनोरा उचलणारी नात. वय एकोणीस, लिस्बनला शिकायला, केस आखूड, तोंडात च्युइंग गम, इंग्रजी उत्तम.

चाळीसेक वर्षांपूर्वी लुर्देसमावशींनीही मनोरा उचलला होता. टोपलीत रोवलेल्या वेताच्या काड्या, त्यांत ओवलेले तीस पाव, मधून कागदी फुलं नि गव्हाच्या ओंब्या, आणि शेंड्यावर एक खोटं कबुतर. उंची उचलणारीइतकी, वजन पंधराएक किलो. मिरवणूक मोठ्या चौकात आली आणि मावशींच्या खोट्या कबुतरावर एक खरं कबुतर येऊन बसलं. मावशींनी वर पाहिलं. तीसच्या तीस पाव बँडवाल्याच्या ढोलावर पडले. ढोल फुटला. दुसऱ्याच वर्षी त्या लग्न करून अमेरिकेला गेल्या, पण गावाने त्यांना जाऊ दिलं नाही. त्या 'ढोलवाली लुर्देस' म्हणून इथेच राहिल्या. मधल्या काळात त्या पोर्तुगालला तीनदा आल्या, बहिणीला लिस्बनला बोलावून भेटल्या, तोमारला मात्र पाऊल ठेवलं नाही.

"मग आता कशाला आल्या?" मी हळूच विचारलं.

"कारण मी फोनवर म्हटलं की मी उचलणार नाही," इनेश म्हणाली. "मी काय गाढव आहे ओझं वाहायला? तर माझी आजी नाही, या लुर्देसच रडल्या. म्हणाल्या, आपल्या घरातून एकदा तरी नीट पार पडू दे."

समोर खारवलेल्या सुक्या कॉड माशाचा ढीग होता, बटाटे आणि कांद्यासोबत. आईने वास घेतला, "सुकटाचा मोठा भाऊ" असा निर्वाळा दिला आणि पर्समधून ठेच्याची बाटली काढली. ओलिंदाबाईंनी ठेचा जॅमसारखा पावावर फासला. पुढची पाच मिनिटं त्या नुसतं पाणी पीत राहिल्या. मग डोळे पुसून बाटली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

गुरुवार

सकाळी आम्ही किल्ला बघायला गेलो. वर मठ आहे, आणि मठाच्या पोटात एक गोल प्रार्थनाघर. सोन्याचा मुलामा, रंगीत खांब, मान मोडेल इतकं उंच छत. आमच्या गटाला एक किडकिडीत तरुण गाइड मिळाला होता. तो आवाज खाली आणून म्हणाला, "असं सांगतात की सरदार इथे घोड्यावर बसूनच प्रार्थना करायचे. म्हणजे बोलावणं आलं की तसेच लढाईला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने हात वर केला. चौतीस वर्षं दुसऱ्यांना हात वर करायला लावल्यावर तिला तो हक्कच होता.

"याला विचार, घोड्यांनी लीद टाकली तर कोण काढायचं?"

"आई, जाऊ दे ना यार."

"विचार म्हणते ना."

मी विचारलं. एक जर्मन जोडपं कॅमेरा खाली करून आमच्याकडे बघू लागलं. गाइड म्हणाला, "मॅडम, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला माहीत नाही."

"सरदारांची नावं सगळी भिंतीवर आहेत," आई म्हणाली. "झाडणाऱ्याचं एकही नाही. आमच्याकडेही असंच आहे, म्हणावं."

मी तेही सांगितलं. गाइडने खिशातून पेन काढून काहीतरी टिपून घेतलं आणि पुढे दर वळणावर तो वाक्य संपवायच्या आधी आईकडे बघून घ्यायचा, वर्गातल्या मुलासारखा.

खाली उतरल्यावर आम्ही गावची खास मिठाई खाल्ली. नुसत्या अंड्यांच्या बलकाच्या वड्या, साखरेच्या पाकात बुडवलेल्या. बलक तासभर फेसायचा, वेगळ्या भांड्यात उकडायचा. आईला चव आवडली, पण पांढऱ्या भागाचं काय करतात, ही काळजी तिला संध्याकाळपर्यंत पुरली.

शुक्रवार

आज मागच्या अंगणात इनेशची तालीम होती. मनोरा तयार होऊन कोपऱ्यात उभा होता, बघूनच छाती दडपावी असा. तिच्यासोबत चालणारा जोडीदार पाउलो आला होता. प्रत्येक मुलीबरोबर एक पुरुष चालतो. मनोरा चढवायला मदत करायची आणि ती थकली तर ओझं आपल्यावर घ्यायचं, हे त्याचं काम. पाउलो सहा फुटी, केसांना जेल लावलेला, आणि बघता क्षणी विश्वास बसावा असा भक्कम.

पहिल्याच पावलाला मनोरा कलंडला. पाउलोने झेलला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इनेशने मान धरून "मेला हा उत्सव" या अर्थाचं काहीतरी म्हटलं. लुर्देसमावशी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि आतून दार लावून घेतलं.

आई एवढा वेळ बाकावर बसून बघत होती. ती उठली, इनेशच्या डोक्यावरची कापडी गुंडाळी काढून तिने ती उलटसुलट पाहिली. भरतकाम केलेली, कडक, छान.

"ही शोभेची आहे," आई म्हणाली. "चुंबळ अशी नसते."

ती आत गेली आणि आपली एक जुनी सुती साडी घेऊन आली. मी काही म्हणायच्या आत तिचा टर्रकन हातभर पट्टा फाडला, पिळला, गोल वळला, आणि इनेशच्या डोक्यावर बसवून बोटांनी मधला खळगा नीट केला. मग ओलिंदाबाईंना म्हणाली, "बादली."

मी खिशातून पोर्तुगीज वाक्यांचं छोटं पुस्तक काढून पानं उलटत होतो, तोवर ओलिंदाबाई बादली घेऊन हजरही झाल्या. त्यांच्या भाषेत तिला जवळजवळ बादलीच म्हणतात. मला हे त्या दिवशी कळलं. आईने निम्मी बादली पाण्याने भरली आणि इनेशच्या डोक्यावर ठेवली.

"हिला सांग, वर बघायचं नाही. दहा हात पुढे बघायचं. चाल कमरेतून. आणि मुख्य म्हणजे बोलत राहायचं. गप्प बसलं की मान आखडते."

"तुमच्या आईला हे कसं माहीत?" इनेशने विचारलं.

मी तो प्रश्न मराठीत आईला विचारला, पण उत्तर मलाही नवं होतं. "आमच्या वस्तीला गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते," आई म्हणाली. "नदी दीड मैल. सातवीपर्यंत रोज दोन खेपा. त्यात मी पाढे पाठ केले."

इनेशने गम थुंकला. मग खिशातून मोबाइल काढला, मैत्रिणीला फोन लावला आणि डोक्यावर बादली घेऊन अंगणात फेऱ्या मारत वीस मिनिटं बोलत राहिली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. संध्याकाळी बादलीच्या जागी मनोरा आला. स्वयंपाकघराचं दार आधी बोटभर उघडलं, मग वीतभर, आणि शेवटी लुर्देसमावशी बाहेर आल्या.

रविवार

ऊन असं होतं की नागपूरची आठवण यावी. बाल्कन्यांतून लोकांनी ठेवणीतल्या चादरी नि पलंगपोस सोडले होते. "उन्हाळी अंथरुणं वाळत घातलीत वाटतं," आई म्हणाली, पण ती सजावट होती. चौकात शेकडो मुली, पांढरे पोशाख, त्यावर रंगीत पट्टे. शेजारी पांढरे शर्ट, काळ्या पँटी आणि मुलीच्या पट्ट्याच्या रंगाचे टाय घातलेले, खांद्यावर काळी टोपी टाकलेले पुरुष. घंटा वाजली आणि सगळे मनोरे एकदम वर गेले. जमिनीवरचा बगिचा कुणीतरी दोन माणसं उंच उचलावा तसं ते दृश्य होतं. लुर्देसमावशींनी डोळे मिटून घेतले होते. "गेलं वर? गेलं?" असं त्या पोर्तुगीजमध्ये विचारत होत्या आणि आई मराठीत सांगत होती, "गेलं, गेलं, मस्त आहे."

मिरवणूक काही तास चालते. आम्ही फुटपाथवरून इनेशच्या बरोबरीने सरकत होतो. ती अखंड बोलत होती, पाउलो ऐकत होता. वरून पाकळ्यांचा वर्षाव. दोन तास सगळं सुरळीत गेलं. मग एका चढावर पाउलोने टाय सैल केला, काहीतरी पुटपुटला आणि भिंत खाली बसावी तसा सावकाश रस्त्यावर बसला. उन्हाने त्याला भोवळ आली होती. दोन जणांनी त्याला सावलीत नेलं. तो शुद्धीवर होता आणि माफी मागत होता.

इनेश रस्त्यात एकटी पडली. मागची जोडी चालून येत होती, थांबून चालणार नव्हतं.

"प्रशांत, जा!" आई म्हणाली.

"मी? आई, मी तर..."

माझ्या पाठीवर एक हात बसला. तो आईचा होता की मावशींचा, यावर अजून एकमत नाही. मी रस्त्यात आलो. मावशींनी धावत येऊन पाउलोचा लाल टाय माझ्या गळ्यात अडकवला, त्याची काळी टोपी माझ्या खांद्यावर टाकली. माझ्या अंगात कंपनीच्या पिकनिकचा पिवळाजर्द टी-शर्ट होता.

"बोला काहीतरी," इनेश समोर बघत म्हणाली. "माझे विषय संपले."

घाबरल्यावर माणसाला जे येतं तेच तो बोलतो. मी तिला माझं काम, मोटारींच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, समजावून सांगायला लागलो. आमच्या एका मोटारीत वायपर चालू केले की हॉर्न वाजायचा आणि तीन आठवडे ते कुणाला सापडत नव्हतं, हे ऐकून ती हसली. मनोरा डुलला. दोन्ही फुटपाथांनी एकदम श्वास ओढला. "हसवू नका!" ती ओरडली. मग मी तिला आमचं त्रैमासिक रिपोर्टिंग सांगितलं. मनोरा स्थिर झाला.

शेवटच्या वळणाआधी मिरवणूक तुंबली. उभं राहणं चालण्यापेक्षा अवघड असतं. इनेशचे ओठ पांढरे पडले. "मान," ती म्हणाली. "घ्या. आत्ता."

मी दोन्ही हात वर केले. टोपलीला धरायचं असतं, हे मला तीन दिवस दिसत होतं. मी धरल्या काड्या.

"चुंबळ! आधी चुंबळ घे, गाढवा!" फुटपाथवरून आईचा आवाज आला. तोच आवाज, ज्याने दहावी ब गप्प बसायचा.

चुंबळ आली, मनोरा माझ्या डोक्यावर बसला, आणि त्याच क्षणी कडकन आवाज झाला. एक काडी मोडली होती. सगळ्यात खालचा पाव निसटला, माझ्या नाकावर आपटला, आणि उतारावरून घरंगळत थेट बँडच्या दिशेने निघाला. ढोलवाल्याने पाय वर घेतला. पाव त्याच्या खालून गेला आणि एका म्हाताऱ्याच्या बुटाशी थांबला. तो म्हातारा म्हणजे आपला न्हावी.

मला वाटलं, संपलं, चाळीस वर्षांचं सगळं परत मावशींच्या डोक्यावर. मी फुटपाथकडे पाहिलं, मान न हलवता, नुसते डोळे फिरवून. लुर्देसमावशी हसत होत्या. पोट धरून, वाकून, आवाज न फुटता, आईच्या खांद्यावर कपाळ टेकून. न्हाव्याने पाव उचलला, फुंकर मारली, दोन्ही हातांनी वर धरला आणि काहीतरी ओरडला. सगळा रस्ता हसला आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"पिवळ्याचा पाव!" इनेश म्हणाली. ती मान चोळत होती. "अभिनंदन. आता हे तुमचं नाव."

साठ पावलं मी मनोरा वाहिला. मग तिने तो परत घेतला आणि एकोणतीस पावांसह चौकात नेला. नीट. ताठ मानेने. बोलत बोलत.

सोमवार

उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या गरजूंना पाव आणि मांस वाटतात. एवढ्या थाटाचं मूळ कारण हेच, हे आईला सगळ्यात पटलं. वाटणाऱ्यांबरोबर तीही टोपली घेऊन दोन गल्ल्या फिरली आणि येताना सहा मैत्रिणी करून आली.

मला मात्र बाहेर पडायची चोरी झाली. फार्मसीत, कॉफीच्या दुकानात, पुलावर, सगळीकडे लोक बोट दाखवून हसून म्हणायचे, "पिवळा!" शर्ट बदलूनही उपयोग नव्हता. न्हाव्याने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, दाढी फुकट केली आणि आल्यागेल्याला माझं सुजलेलं नाक दाखवलं. त्याच वेळी लुर्देसमावशी भाजीची पिशवी घेऊन दारावरून गेल्या. न्हाव्याने त्यांच्याकडे पाहिलं, मान लववली आणि "गुड मॉर्निंग, दोना लुर्देस", म्हणजे लुर्देसबाई, एवढंच म्हणाला. मावशी दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, वळून परत आल्या आणि पुन्हा एकदा दारावरून गेल्या. त्यांना ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

जेवताना त्यांनी सांगितलं, त्या आता ट्रॉयला परतणार नाहीत. सप्टेंबरात येऊन घर विकतील, एवढंच. ओलिंदाबाईंचा वरचा मजला रिकामा होता. इनेशने भाषांतर केलं, पण आईला ते आधीच समजलं होतं. तिने मावशींच्या ताटात अजून एक बटाटा वाढला आणि म्हणाली, "बरं केलंस."

मंगळवार

लिस्बनच्या गाडीत आई खिडकीशी बसली. ऑलिव्हची झाडं मागे पळत होती. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. ट्रॉयला आता तिचं कोण, हे मला कालपासून कुरतडत होतं.

"आई, तुला नागपूरला जायचंय का? कायमचं?"

"हो," ती म्हणाली. जराही न थांबता.

"कधीपासून?"

"आले त्या आठवड्यापासून."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. "तू फोनवर सगळ्यांना सांगायचास ना, आईला इथे फार आवडतं म्हणून. मला वाटलं, आवडत असेल मला."